पाच धावा

नातू सुट्टीत कारंज्याला आला की आमच्या क्रिकेटच्या गप्पा रंगतात. परवा रणजीचा विषय निघाला तर साहेब म्हणाले, "आजोबा, विदर्भ तर जिंकतोच!"

जिंकतोच! मी चहाचा कप खाली ठेवला. पण त्याचं तरी काय चुकलं? वय वर्षं दहा. त्याच्या डोळ्यांसमोर विदर्भाने तीनदा रणजी करंडक नेला: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५.

आमचा विदर्भ वेगळा होता हो. १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि साठ वर्षांत एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोचला नव्हता. पेपरात क्रीडा पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात धावफलक यायचा. मी तो रोज वाचायचो, कशासाठी ते मलाच माहीत नाही.

हे सांगायचं कारण १९९६ साल. मुलगा तेव्हा दहावीत. गोलंदाजी बरी करायचा. कारंजा त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होतं (वाशीम जिल्हा झाला १९९८ साली), त्यामुळे निवड चाचणी अकोल्याला. त्याच्या खेळाच्या सरांनी घरी येऊन सांगितलं, "गुरुजी, पाठवा त्याला." मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मास्तरकी अंगात! "विदर्भाकडून खेळून आजवर कोणाचं भलं झालं? हरणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायला अकोल्याला कशाला जायचं? आधी शिक्षण."

तो काही बोलला नाही. बॉल कपाटावर ठेवला. पुढे बी. कॉम., बँक, पुणे. सगळं रीतसर झालं. आमच्यात भांडण असं कधीच नव्हतं. आठवड्यातून दोनदा फोन: तब्येत कशी, गोळ्या घेता का, आईला द्या. बस.

२०१७ च्या ऑक्टोबरात असाच फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाबा, विदर्भाने पंजाबला डावाने हरवलं." एकवीस वर्षांत त्याने माझ्याशी विदर्भाच्या क्रिकेटचा शब्द काढला नव्हता. पुढच्या सामन्याला मीच फोन केला.

मग तो हंगाम आम्ही फोनवरच खेळलो. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार, त्याने त्या हंगामात ९१२ धावा केल्या. सोबत मुंबईचा अनुभवी वसीम जाफर. उपांत्यपूर्व फेरीत सुरतला केरळला ४१२ धावांनी हरवलं तेव्हा बाजारात फळवाल्याने थांबवलं, "काहो गुर्जी, आपला इदर्भ लय पुढं गेला म्हन्ते!"

उपांत्य सामना कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर, समोर कर्नाटक. आपण पहिल्या डावात १८५. त्यांच्या करुण नायरने एकट्याने १५३ केल्या. मी मनात म्हटलं, संपलं, नेहमीचंच. पण दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या आणि त्यांना १९८ धावा हव्या होत्या. चौथ्या संध्याकाळी ते ७ बाद १११.

२१ डिसेंबरची ती सकाळ. मुलगा बँकेत. दर दहा मिनिटांनी फोन, बोलणं एका वाक्याचं. "अजून चाळीस हव्यात." "विनयकुमार गेला." मिथुनने फटकेबाजी सुरू केली तेव्हा फोन येणंच बंद झालं. मी देवघरासमोर बसून राहिलो. ही म्हणाली, "अहो, मुलाच्या निकालाला सुद्धा असे बसला नव्हता."

शेवटी फोन आला. कर्नाटक सर्वबाद १९२. पाच धावांनी जिंकलो. रजनीश गुरबानीने डावात ७ आणि सामन्यात १२ गडी घेतले. मुलगा धापा टाकल्यासारखा बोलत होता. मग जरा थांबून म्हणाला, "बाबा, गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे. शिक्षण पण केलं त्याने."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला काय बोलावं सुचेना. मी काहीतरी पुटपुटणार, तेवढ्यात तो म्हणाला, "चला, काउंटरवर गर्दी आहे," आणि फोन ठेवला.

इंदूरचा अंतिम सामना मग सोपाच गेला म्हणायचा. दिल्लीविरुद्ध गुरबानीची हॅटट्रिक, तिघेही त्रिफळाचीत! रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच. त्याआधीची तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, १९७२-७३ ची. अक्षय वाडकरने १३३ केल्या आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ गडी राखून करंडक आपला. कारंज्यात कोणीतरी फटाके लावले. ते नव्या वर्षाचे उरलेले होते की विदर्भाचे, देव जाणे. मी ते विदर्भाचेच धरले.

गेल्या वर्षी, २०२५ च्या १ मार्चला मुलगा मला जामठ्याच्या मैदानावर घेऊन गेला. केरळविरुद्ध अंतिम सामन्याचा चौथा दिवस. माझं गुडघेदुखीचं निमित्त त्याने ऐकलंच नाही. करुण नायर आता विदर्भाकडून खेळत होता. ज्याची विकेट पडावी म्हणून मी एके काळी देव पाण्यात ठेवले, त्याच्या शतकाला उभा राहून टाळ्या वाजवल्या.

पाणपानाच्या वेळी मी धीर करून म्हटलं, "तुला अकोल्याला पाठवायला हवं होतं रे."

तो मैदानाकडेच बघत होता. म्हणाला, "माझा वेग फारसा नव्हता बाबा." मग डबा उघडून त्याने माझ्यापुढे धरला. हिने पोळी-चटणी दिली होती. चटणी तिखट होती, दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.