गिळणं आणि गाणं



आपल्या बैठकांत शोषणावर बोलणं होतं, राखीव जागांवर होतं, फुटलेल्या गटांवर तर रात्ररात्र होतं. टेन्शनवर होत नाही. टेन्शन म्हंजे पांढरपेशांचा रोग, त्यांनी त्यांच्या डॉक्टरकडं जावं, असं आपण धरून चालतो. पण इचलकरंजीच्या आसपासच्या सूतगिरण्यांची तिसरी पाळी सकाळी सुटते तेव्हा गेटवरच्या गाड्याशी येऊन एकदा उभं राहा. पोरं कशी खातात ते बघा. चवीनं खात नाहीत. कोंबतात.

मीही त्यातलाच. रिंग फ्रेमवर सायडर आहे. चात्या फिरत असतात, सूत तुटलं की बोटानं जोडायचं, पुन्हा पुढं चालायचं. आठ तास चालणं. सूत जास्त तुटायला लागलं की सुपरवायझर येतो. कापूस खराब असतो, हवेतला दमटपणा कमी असतो, मशीन जुनं असतं. त्याला दिसतो तो मी. "तुम्हा लोकान्ला आयतं पायजे," म्हणतो. तुम्ही म्हणजे कोण, हे सगळ्या खात्याला कळतं. उत्तर माझ्या जिभेवर आलेलं असतं. पण मी ठेकेदाराचा माणूस. उत्तर दिलं तर उद्या गेटवरून परत. मग मी उत्तर गिळतो.

पाळी सुटली की गाड्यावर तीन वडापाव आणि वर भज्यांची प्लेट. भूक एका वड्याची असते. बाकीचं सगळं त्या गिळलेल्या उत्तरावर ढकललेली माती असते. ते वर येऊ नये म्हणून.

याची लाज मला वाटत नाही. शरीराचा तो धर्मच आहे. माणसावर ताण आला की अंगाला तेलकट-गोड हवंसं वाटतं, घटकाभर बरं वाटतं, ताण मात्र तिथंच राहतो. त्यात रात्रपाळीनं झोप मोडते आणि भुकेची वेळही मोडते. रात्रपाळीवाल्यांत साखरेचा आजार जास्त आढळतो, तो काही त्यांच्या जिभेच्या चोचल्यांनी नव्हे. तेव्हा 'कमी खा, मन आवर' हे शहाणपण आम्हाला कुणी शिकवू नये. आधी पाळी बघावी. मग ताट बघावं.

माझी आज्जी म्हणते, "प्वाट भरलं की त्वांड गप ऱ्हातंय बाबा." तिच्या लहानपणी तिचा बाप येसकर होता. रात्री गावात भाकऱ्या मागत फिरायचा. शिळ्या, करपलेल्या, कुणाच्या उष्ट्या. ज्याच्या दारची भाकरी पदरात पडली त्याच्यापुढं बोलायचं नाही, हा करारच होता. तो कागदावर नव्हता, पोटावर होता. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याबरोबरच मेलेलं ढोर आणि मागून आणलेले तुकडे सोडायला सांगितले. तुकडा सोडल्याशिवाय तोंड उघडणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. महारकीची वतनं कायद्यानं १९५८ साली गेली. पोटावरचा करार मात्र काही ठिकाणी अजून चालू आहे. फक्त भाकरीच्या जागी हजेरी आली.

आपल्या तोंडाची भीती या व्यवस्थेला फार जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत साळखात्यात, म्हणजे विणाईत, आपल्या माणसांना घेत नसत. पगार तिथं बरा. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आमच्या ओठाला लागलेला धोटा इतरांच्या ओठाला कसा चालेल? कापूस आमच्या छातीत गेलेला चालत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. आज बिनधोट्याचे माग आलेत. ओठाचा प्रश्न मिटलाय असं मला वाटत नाही.

आता गाण्याचं सांगतो.

रिंग खात्यात एवढा आवाज असतो की शेजारच्याला हाक ऐकू जात नाही. त्या आवाजात मी गातो. पुऱ्या ताकदीनं, शिरा ताणून. वामनदादांची गाणी, प्रल्हाद शिंद्यांची, कधी माझं स्वतःचं जुळवलेलं. कुणाला ऐकू जात नाही म्हणून कुणी गप्प बस म्हणत नाही. पण गिरणीतली माणसं ओठ वाचायला शिकतात. एका रात्री समोरच्या साइडवरच्या पोरानं माझे ओठ वाचले आणि तोही त्याच गाण्यात शिरला. त्याचा आवाज मला आला नाही, माझा त्याला नाही. दोघं सूत जोडत होतो आणि एका कडव्यावर चाललो होतो. त्या सकाळी मी एकच वडा खाल्ला. भूकच तेवढी होती.

मी काही चमत्कार सांगत नाही. हिशेब सांगतोय. घास आत जातो, गाणं बाहेर येतं. गिळलेलं ज्या वाटेनं बाहेर पडू शकतं अशी आपल्याकडची ती जुनी वाट आहे. जलसेवाल्यांनी ती पाडली. वामनदादा मोठेपणी अक्षरं शिकले आणि २००४ साली जाईपर्यंत गावोगाव त्याच वाटेनं चालले. अक्षर नसलेल्या आमच्या आज्ज्यांपर्यंत बाबासाहेब पोचले ते पुस्तकातून कमी, गळ्यातून जास्त.

पण गाण्यानंच सगळं भागतं, असंही म्हणू नका. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच आपला शाहीर विलास घोगरे यानं स्वतःला संपवलं. हजारोंना उभं करणारा गळा होता तो. त्याच्या मनात काय होतं यावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हणतो, गाणाऱ्यालाही कुणीतरी ऐकणारं लागतं. आपण शाहिराला टाळ्या देतो. तो गप्प झाला तर त्याच्या खोलीवर जातो का? कानात तार खुपसून एकट्यानं ऐकलेलं गाणं आणि एकट्यानं कोंबलेला वडा यांत मला फार फरक दिसत नाही. दोन्हींनी रात्र निघते. सुपरवायझर तिथंच असतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बैठकीत भजी आणा, चहा आणा, पोटभर खाऊ. खाणं हा आपला हक्क आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. डफ आणा, गाऊ. आणि पत्रकं, ठराव, पदाधिकारी यांच्या आधी प्रत्येकानं सांगायचं, या आठवड्यात तू काय गिळलंस? कुणी, कुठं, कोणत्या शब्दांत? एकेकट्याला ते टेन्शन वाटतं. दहाजणांनी एकामागून एक सांगितलं की तीच मागण्यांची यादी होते.

जयभीम.