आकडा खोडू नका



आधी एक कबुली देतो. डी.एड.ला आम्हाला कृती संशोधन होतं. मी एका सीनियरची फाइल घेतली, मुलांची नावं बदलली, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे गुण मनानेच टाकले. मार्क चांगले पडले. संशोधन मात्र झालंच नाही.

हे आठवलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आठवडाभर अहेरीला आली, तेव्हा शाळेतही आली. मी विचारलं, "प्रॅक्टिकल कसं चाललंय?" ती हसली. "सर, उत्तर आधीच माहीत असते. रीडिंग तेवढं जुळवून आणायचं."

मला माझी फाइल दिसली. म्हटलं, ज्याचं उत्तर तुलाही माहीत नाही नि मलाही नाही, असं काहीतरी करू.

मोह वेचायचे दिवस होते. प्रश्न ठरला: एक किलो ओली मोहफुलं वाळून किती उरतात? चौथीच्या मुलांनी घरून थोडी थोडी फुलं आणली. किराणा दुकानातून वजनकाटा मागून आणला. तिने दोन सुपं मांडली, एक उन्हात, एक सावलीत. रोज सकाळी एकाच वेळी वजन करायचं आणि वहीत लिहायचं.

वजन रोज उतरत गेलं. पाचव्या दिवशी मात्र दोन्ही सुपांचं वाढलं! एक मुलगा म्हणाला, "ताई, चुकलं. खोडू का?" ती क्षणभर थांबली. पुन्हा वजन केलं, तेवढंच भरलं. मग तिने आकडा तसाच ठेवला आणि शेजारी लिहिलं, 'काल आभाळ होतं.' तेवढ्यात मागून एक मुलगी बोलली, "आई म्हणते, आभाळ आलं की वाळला मोह नरम पडते."

म्हणजे फुलांनी हवेतली ओल ओढली असेल का? तपासायचं कसं, हे मुलांनीच सुचवलं: एक मूठ बंद डब्यात, एक मूठ उघड्यावर. आकडा खोडला असता, तर हा प्रश्न आलाच नसता.

पदवीच्या मुलांना संशोधन झेपेल का, असं आपण म्हणतो. आपल्याच जिल्ह्यात बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत वापरून पाहिली आणि इतर ४७ गावांशी तुलना केली. घरोघरी जाऊन बाळं तपासणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या आरोग्यदूत गावातल्याच, कमी शिकलेल्या बायका होत्या. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकासोबत प्रकल्प करायला देतं. पण अहेरीच्या मुलांनी त्यासाठी मुंबईच गाठावी, असं थोडंच आहे?

कॉलेजच्या प्राध्यापकांना विनंती, सत्रात एक तरी प्रयोग असा द्या ज्याचं उत्तर पुस्तकात नाही. पालकांनो, 'किती मार्क पडले?' यासोबत 'काय वेगळं दिसलं?' हेही विचारा. आणि आपण प्राथमिकवाले? चौथीत आपण खोडायला शिकवलं, तर बी.एस्सी.त पोरं जुळवायला शिकणारच.