हेड उतरवावे लागेल

ज्याच्या घरी एखादे जुने वाहन आहे, त्याला 'हेड उतरवावे लागेल' या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मेकॅनिक फडक्याला हात पुसत पुसत ते उच्चारतो आणि मालकाचा चेहरा डॉक्टरांच्या तोंडून 'ऑपरेशन' ऐकल्यासारखा होतो. इंजिनाच्या या डोक्यात विचार नसतात, हे खरे. पण त्याचा श्वास मात्र सगळा तिथूनच चालतो. पेट्रोल मिसळलेली हवा एका वाटेने आत शिरते, पेटते आणि धूर होऊन दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. म्हणजे नावाने डोके असले, तरी कामाने ते नाक आणि घसाच म्हणायचे.

हे ज्ञान मला चाळिशी उलटल्यावर झाले, आणि तेही कॅलिफोर्नियात! माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मुलाने तिथली कॉम्प्युटरची चांगली नोकरी सोडली आणि जुन्या फोक्सवॅगन बीटल गाड्यांसाठी जास्त ताकदीची हेडे तयार करण्याचा उद्योग आरंभला. त्याच्या शिक्षणासाठी अक्काने कोकणातली आमराई विकली होती. तिचा जीव टांगणीला लागला, यात नवल नाही. "तू मास्तर आहेस. मामाचं ऐकेल तो," असे म्हणून तिने मला मे महिन्याच्या सुटीत बरोबर नेले. मास्तरांचे कोण किती ऐकते, हे मी तिला सांगितले नाही.

बीटल म्हणजे ती पाठीला पोक आलेली, भुंग्यासारखी दिसणारी गाडी. तिचे इंजिन मागे, आणि ते थंड करायला पाणी नाही; नुसता वारा. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरच्या इंजिनावर पातळ पात्यांची जी चळत दिसते, तशीच हिच्याही इंजिनावर असते. पंख्याचा वारा त्या पात्यांमधून जातो आणि उष्णता घेऊन निघून जातो. चार सिलिंडर, दोन या अंगाला, दोन त्या अंगाला. आणि प्रत्येक जोडीवर ॲल्युमिनियमचे एक हेड.

या गाडीच्या जुन्या हेडांत दोन सिलिंडरांना हवा आत घ्यायला वाट मात्र एकच असे. एका नाकाने दोघांनी श्वास घ्यायचा! यात कारखान्याचे अज्ञान नव्हते. गाडी स्वस्त असावी, इंजिनाने धापा टाकू नयेत आणि वर्षानुवर्षे चालावे, असा तो संसारी हिशेब होता. पण थोड्यात समाधान न मानणारी माणसे सगळ्या देशांत असतात. जर्मनीत गेरहार्ड ओटिंगर यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांतच प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट देणारी हेडे 'ओक्रासा' या नावाने विकायला काढली. पुढे कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी या गरीब गाडीला शर्यतीत पळवले. खुद्द कारखान्याने १,६०० सीसीच्या इंजिनाला दोन वाटा दिल्या त्या १९७१च्या मॉडेलपासून. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे शेवटची बीटल तयार झाली, तेव्हा एकूण आकडा २,१५,२९,४६४ झाला होता. त्यांतल्या कितीतरी गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि भाच्याची सारी भिस्त त्यांच्यावर!

त्याचा कारखाना म्हणजे घराचे गॅरेज. पहिल्याच दिवशी त्याने आमच्यापुढे करवतीने उभे कापलेले एक हेड ठेवले. "मामा, धातू कुठे किती जाड आहे हे कळायला एक हेड असं बळी द्यावं लागतं," तो म्हणाला. अक्काने माझ्याकडे पाहिले. आमराईचे एक कलम डोळ्यांदेखत कापले जावे, तशी तिची नजर होती.

मला वाटत होते, भोक मोठे करावे की जास्त हवा जाईल, इतका हा सोपा मामला असेल. भाचा हसला. कारखान्याच्या १,६०० सीसीच्या हेडात हवा आत घेणारी झडप ३५.५ मिलिमीटरची, धूर सोडणारी ३२ची. हौशी लोक तिथे ४० आणि ३५.५च्या झडपा बसवतात. पण झडपा वाढल्या की त्यांच्या बैठकींमधला आणि स्पार्क प्लगच्या भोकाजवळचा धातू सुताएवढा उरतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात त्याच्या आसपास पाणी तरी खेळते. इथे उष्णता वाहून न्यायला तो धातूच काय तो असतो. तो कमी पडला की नेमका तिथेच तडा जातो. म्हणून काही कारागीर १४ मिलिमीटरच्या जागी १२ मिलिमीटरचा प्लग बसवतात. का, तर दोन मिलिमीटर धातू वाचावा! इतक्या काटकसरीने अक्कानेसुद्धा कधी संसार केला नसेल.

कोपऱ्यात हवेचा प्रवाह मोजायचे यंत्र होते. झडप थोडी थोडी उघडत जायची आणि दर वेळी किती हवा आत ओढली जाते, ते टिपायचे. त्याने वहीत तीन प्रयत्न मांडले होते. तिन्ही वेळा त्याने वाट कोरून मोठी केली होती, आणि तिन्ही वेळा हवा मनासारखी वाढली नव्हती. चौथ्या वेळी त्याने वेगळेच केले. वाटेच्या तळाशी वेल्डिंग करून धातूची भर घातली, तळ उचलला आणि वळण सौम्य केले. हवा वाढली.

"म्हणजे भोक लहान केलंस आणि वारा जास्त गेला?" मी विचारले. माझ्यातला मास्तर हे कबूल करायला तयार नव्हता.

"वळण फार काटकोनी असलं की हवा भिंत सोडते, मामा. मग तिथे नुसते भोवरे होतात. जागा असते, पण उपयोगाची नसते."

मी शंका काढणार, एवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली अक्का म्हणाली, "अरे, त्यात काय एवढं! चुलीला फुंकणी घेतो ती रुंद घेतो का? रुंद नळीतून फुंकलं की छाती दुखते आणि विस्तव काही फुलत नाही."

भाचा आईकडे पाहतच राहिला. "आई, अगदी तसंच!" असे म्हणून त्याने तिच्यापुढे स्टूल सरकवले. मग तासभर ती त्या यंत्रापाशी बसून होती. तो आकडे सांगे, ती वहीत लिही. एका आकड्याशी तिचा पेन थांबला. "हा मागच्यापेक्षा कमी का आला?" तिने विचारले, आणि त्यालाही तो आकडा पुन्हा मोजावासा वाटला.

ज्या कामासाठी मला नेले होते, ते काम मी केले नाही. बोलायचे म्हणून जे जे मनात जुळवून नेले होते, ते सारे भोक मोठे करण्यातलेच होते: मोठा पगार, मोठे घर, मोठे नाव. त्याच्या धंद्याचा जम बसेल की नाही, ते मला ठाऊक नाही. आम्ही निघालो तेव्हा त्याच्याकडे हेडांच्या दोनच जोड्यांचे काम होते आणि दोन जोड्यांवर वर्ष निघत नाही, हे गणित माझ्या सातवीच्या मुलांनाही येईल. पण धातू कुठे काढायचा आणि कुठे ठेवायचा, हे ज्याला कळू लागले आहे, त्याला मी काय शिकवणार?

विमानात अक्काने नोकरीचा विषय काढला नाही. नंतरही नाही. आता दर रविवारी फोन लागला, की ती आधी त्याच्या जेवणाची चौकशी करते आणि मग आवाज जरा खाली आणून विचारते, "तडा कुठे गेला नाही ना रे?"