सिडनी बंदरात उतरणाऱ्या पावसाच्या पाण्यास

पावसाच्या पाण्या,

ढगातून निघतंस तेव्हा तू जवळजवळ निर्मळ असतंस, हे आधीच मान्य करून टाकतो. तक्रार पुढच्या प्रवासाची आहे. सिडनीच्या छपरांवरून, डांबरी रस्त्यांवरून, सिमेंटच्या अंगणांतून तू धावत सुटतंस आणि वाटेत सापडेल ते उचलतंस: कुत्र्यांची विष्ठा, टायरची झीज, गाड्यांचं तेल, सिगारेटची थोटकं, बागेतलं खत. मध्ये बरेच कोरडे दिवस गेले असतील तर पहिली सर सगळ्यांत घाण. तिथून तू गटाराच्या जाळीतून थेट बंदरात जातंस. वाटेत शुद्धीकरण केंद्र लागत नाही. बाटल्या-पिशव्या अडवायला काही मुखांशी सापळे बसवलेत. जिवाणू त्यांतून खुशाल पार होतात.

इथे नव्याने आलेला आपला मराठी माणूस म्हणतो, मैल्याचे नळ वेगळे आहेत ना, मग काळजी कसली? नळ वेगळे आहेत, खरं आहे. पण जुन्या सांध्यांत झाडांची मुळं शिरतात, भेगा पडतात आणि कुणीतरी छपराचा पन्हाळ चुकून (की सोयीने?) मलवाहिनीलाच जोडलेला असतो. मुसळधार पावसात तू त्या वाटांनी आत घुसतंस. वाहिनी तुंबते आणि मैला घराघरांत उलटू नये म्हणून मुद्दाम ठेवलेल्या सांडव्यांतून तो ओढ्या-खाड्यांत सोडला जातो.

म्हणून न्यू साउथ वेल्स सरकारचा 1989 मध्ये सुरू झालेला ‘बीचवॉच’ उपक्रम बजावतो की पावसानंतर मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर किमान एक दिवस आणि बंदरात तीन दिवसांपर्यंत पोहू नका. बीचवॉचवाले पाण्यातले एन्टेरोकोकाय, म्हणजे आतड्यात राहणारे जिवाणू मोजतात. ते वाढले की विष्ठा मिसळल्याचं कळतं. ऊन आणि खारं पाणी त्यांना हळूहळू मारतात, भरती-ओहोटी पाणी पालटते. पण खाडीच्या आतल्या टोकाला ती पालट मंद असते. फसगत होते ती दुसऱ्या दिवशी. आभाळ निळं, ऊन लख्ख, पोरं टॉवेल घेऊन निघालेली, आणि पाण्यात अजून कालचा पाऊस. पोट बिघडतं, कान दुखतात, अंगावर पुरळ उठतं. शिवाय गढूळ पाण्यात बुल शार्क जातीच्या मुशी आल्या तर दिसत नाहीत, ते वेगळंच.

तुझ्याच एका भावंडाची आठवण करून देतो. 1788 मध्ये गव्हर्नर फिलिपने सिडनी कोव्हला वसाहत थाटली ती तिथल्या गोड्या पाण्याच्या ओढ्यामुळे. पाणी साठवायला काठच्या खडकात टाक्या खोदल्या, म्हणून त्याचं नाव टँक स्ट्रीम. वस्तीने तो इतका नासवला की 1826 मध्ये त्याचं पाणी पिणं सोडावं लागलं. मग तो गटार झाला, त्यावर छप्पर आलं, आणि आज तो शहराच्या पोटातून सर्क्युलर कीकडे जाणारी पर्जन्यवाहिनी आहे. मिठी नदीकाठच्या मुंबईकराला ही गोष्ट नवी वाटायची नाही.

तीन दिवसांचा नियम शहाणपणाचा आहे, मीही पाळतो. पण त्यात सगळं पथ्य पोहणाऱ्याने पाळायचं आणि तुझ्या वाटेवर घाण टाकणाऱ्यांनी मोकळं राहायचं, हा हिशेब मला पटत नाही. पर्जन्यवाहिनीच्या मुखाशी तुला गाठण्यात अर्थ नाही, तोवर फार उशीर झालेला असतो. जिथे पडतंस तिथेच जमिनीत मुरलंस तर बंदरात येताना तुझ्याकडे उचलून आणायला फारसं काही उरणार नाही. सिडनीत काही रस्त्यांच्या कडेला वाळू-मातीचे, झाडं लावलेले खोलगट वाफे केलेत. तिथे तू थांबतंस, गाळलं जातंस. ते फार थोडे आहेत. तेव्हा तुझ्या वतीने इथल्या नगरपालिकांना सांगतो: पुढचा रस्ता खणाल तेव्हा कडेची माती डांबराखाली गाडू नका. आणि कुत्रा फिरवायला निघालेल्या शेजाऱ्यांनो, खिशात पिशवी ठेवा.

तुझा,
बंदरात पोहणारा एक मराठी माणूस