ड्रॉइंग वाळूजचं, सर्व्हरही वाळूजचाच

वाळूजमधलं एखादं जॉबवर्क युनिट घ्या. एकाच सुट्या भागाचं एक ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं, दुसरं चिकलठाण्याच्या टूलरूममधून पेनड्राइव्हवर, आणि मशीनवर लागलेलं तिसरंच. चुकीच्या मापाचा लॉट निघाला की मग खरी प्रत कोणती, याचा शोध सुरू होतो.

अशा ठिकाणी नेक्स्टक्लाउड हे फाइल-सर्व्हरचं सॉफ्टवेअर कामाला येतं. फाइल एका जागी राहते, तिच्या जुन्या आवृत्त्याही जपल्या जातात, आणि ती जागा आपल्याच ऑफिसात असते. फ्रँक कार्लिचेक या जर्मन प्रोग्रामरने २०१० मध्ये ओनक्लाउड सुरू केलं होतं. २०१६ मध्ये तिथून बाहेर पडून त्याने सहकाऱ्यांसह नेक्स्टक्लाउड काढलं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणक लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं, तेव्हा फाइलींसाठी हेच निवडलं. छोट्या युनिटला टेबलाखालचा जुना पीसीही पुरतो.

उबुंटूवर टर्मिनल उघडून ‘सुडो स्नॅप इन्स्टॉल नेक्स्टक्लाउड’ एवढी एकच ओळ द्यायची. अपाची, पीएचपी, मायएसक्यूएल, रेडिस अशी सगळी वरात एकाच पॅकेजातून उतरते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडून अ‍ॅडमिनचं नाव आणि पासवर्ड ठरवला की इन्स्टॉलेशन संपलं.

अडतं ते यानंतर. शेजारच्या टेबलावरून १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकला, तर नेक्स्टक्लाउड दारातच अडवतं. विश्वासार्ह पत्त्यांच्या यादीत नसलेल्या नावाला ते दाद देत नाही. म्हणून पत्ता त्या यादीत घालायचा आणि राउटरमध्ये पीसीच्या नावावर राखून ठेवायचा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदललेला असू शकतो. पीसी आपोआप झोपी जाण्याची सेटिंगही बंद करावी लागते. जास्तीची डिस्क जोडलीत, तर या स्नॅप पॅकेजला तिची परवानगी वेगळी द्यावी लागते.

ऑफिसबाहेरून फाइल हवी असेल तर अडचण वेगळी. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरचा माणूस आत पोहोचत नाही. तिथे टेलस्केलसारखी खासगी वाट बरी पडते.

मराठी नावांचा हिशेबही ध्यानात ठेवावा. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइल सिस्टीममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, अगदी काना-मात्राही, तीन बाइट खातं. ‘छत्रपती संभाजीनगर’ एवढ्यालाच ४९ बाइट लागतात. ‘अंतिम दुरुस्त नवीन अंतिम’ अशी शेपटं लावण्याची सवय इथे महागात पडते.

राहिला बॅकअप. सगळ्यांची प्रत एकाच डिस्कवर आली, म्हणजे डिस्क गेली की सगळ्यांचीच गेली. या पॅकेजात डेटा बाहेर काढण्याची ‘नेक्स्टक्लाउड डॉट एक्स्पोर्ट’ ही आज्ञा आहे. तिने काढलेली प्रत वेगळ्या डिस्कवर न्यावी, दुसऱ्या पीसीवर उतरवून त्यातलं एखादं ड्रॉइंग उघडून पाहावं, आणि मगच टूलरूमला नवा पत्ता कळवावा.