दोन माणसांचा भात

एखाद्या खानावळीविषयीं चार माणसांना विचारावें आणि चार निराळीं उत्तरें घेऊन घरीं यावें, हा माझा जुना छंद आहे. त्यांतून खानावळीची माहिती फारशी मिळत नाहीं. माणसांची मात्र भरपूर मिळते. 2023 सालच्या वसंतांत मी आणि सौभाग्यवती दोन महिने स्पेनमध्यें वालेन्सिया शहरीं मुलीकडे जाऊन राहिलों, तेव्हां घराजवळच्या कोपऱ्यावरील एका लहानशा भोजनगृहाविषयीं मीं हाच उद्योग केला. मुलगी म्हणाली, "बाबा, तिथला भात खाल्ल्याशिवाय परत जायचं नाही." जांवई म्हणाले, "भात चांगला असतो, पण तास तास कोणी विचारीत नाही." मुलीकडे वरचेवर येणारा नागपूरचा एक विद्यार्थी म्हणाला, "महाग आहे, काकाजी." आणि वरच्या मजल्यावरच्या वृद्ध बाईंनीं, मुलीनें माझा प्रश्न समजावून सांगतांच, आपण अकरा वर्षांत त्या दारांत पाऊल टाकलेलें नाहीं असें ठासून सांगितलें, कारण विचारलें तेव्हां त्यांनीं ओठ घट्ट मिटून घेतले. माझा निश्चय त्या मिटलेल्या ओठांनीं झाला.

ती वस्ती एल् काबान्यालची. समुद्रकांठच्या कोळ्यांची जुनी वस्ती. रस्ते समुद्राला समांतर, घरें बैठीं किंवा दुमजली, आणि दर्शनी भिंतींवर हिरव्या, निळ्या, पिवळ्या चिनी मातीच्या फरशा. ब्लास्को इबान्येथ या कादंबरीकाराच्या नांवाचा एक रुंद राजमार्ग या वस्तीच्या पोटांतून थेट समुद्रापर्यंत न्यावा, असा बेत 1998 सालीं नगरपालिकेनें आंखला. त्यांत सोळाशेंहून अधिक घरें पडणार होतीं. रहिवासी वर्षानुवर्षें भांडत राहिले. कांहीं घरें पडलींहि. अखेर 2015 सालीं नगरपालिकेंत सत्तापालट झाला आणि तो बेत बारगळला. आमचें भोजनगृह या सगळ्यांतून तगलेलें. नऊ मेजें, स्वयंपाकघरांत आजीबाई, गल्ल्यावर आजोबा, वाढायला त्यांची मुलगी आणि एक नातू. सकाळीं दहाच्या सुमारास कामकरी मंडळी येऊन लांबोड्या पावांत कांहींबाही भरून खात, शेजारीं भुईमुगाच्या शेंगा आणि ऑलिव्ह. दुपारीं दीडपासून चारपर्यंत जेवण. रात्रीं बंद, सोमवारीं पूर्ण बंद.

मी जन्माचा शाकाहारी. वालेन्सियाचा खरा पाएया म्हणजे कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो नांवाचे मोठे पांढरे दाणे घालून केलेला भात. तांदूळ अल्बुफेरा सरोवराच्या आसपास पिकतो तो. पाएया हें नांव मुळांत त्या उथळ, पसरट कढईचें. ही माहिती मला पुढें मिळाली. त्या दिवशीं एवढेंच कळलें होतें कीं भाज्यांचाहि भात तेथें होतो, मात्र तो आदल्या दिवशीं सांगून ठेवलेला बरा. म्हणून शनिवारीं मी एकटाच गेलों आणि कार्डावर बोट ठेवून दाखविलें. गल्ल्याजवळच्या मुलीनें कांहींतरी म्हणत दोन बोटें वर केलीं. मी समजलों, दोन वाजतां या. मीहि दोन बोटें वर केलीं आणि मान हालविली. एवढ्या थोडक्यांत व्यवहार उरकल्याबद्दल मला स्वतःचें कौतुकच वाटलें.

रविवारीं मुलगी व जांवई माद्रिदला गेले होते; सौभाग्यवती नातवाला घेऊन घरीं राहिली होती. मी ठीक दोनला हजर झालों. मला दाराजवळचें मेज मिळालें. नातवानें पाव आणून आपटला, पाण्याची बाटली आणून आपटली आणि तो जो गेला तो गेलाच. मागल्या मेजावर डॉमिनोचा डाव रंगला होता. तेथें मात्र तो चार वेळां गेला. पाऊण तासानें कढई आली. ती पाहून मी चकित झालों. माझ्यासारख्या दोघांचें पोट भरावें एवढा भात! जांवयांनीं उगाच नांवें ठेवलीं, हे लोक किती उदार, असें मनांत म्हणत मीं आंटीचोंटी अर्धी कढई संपविली. मग बिल आलें. भात दोन, प्रत्येकीं सोळा युरो, शिवाय पाव, शिवाय पाणी.

औदार्य एकदम उतरलें. मीं एक बोट वर करून नातवाला दाखविलें कीं मी एक आहें. त्यानें कढईकडे पाहिलें, खांदे उडविले आणि तो निघून गेला. ते खांदे मला बत्तीस युरोंपेक्षां अधिक झोंबले. भिंतीवर एक पाटी होती. तिचा अर्थ मुलीनें मला दुसऱ्या एका दुकानांत समजावून दिला होता. त्या देशांत गिऱ्हाइकानें मागितल्यास तक्रारीचे छापील कागद देणें दुकानदारावर कायद्यानें बंधनकारक आहे. तीन प्रती असतात : एक गिऱ्हाइकाची, एक दुकानाची, एक सरकारची. मीं पाटीकडे बोट केलें. डॉमिनोचा खडखडाट थांबला. गल्ल्याजवळच्या मुलीनें खालच्या खणांतून कागद काढून माझ्यापुढें ठेवले, आणि शेजारीं, न मागतां, लेखणी.

माझें अक्षर चांगलें आहे. हें मी प्रौढीनें सांगत नाहीं. त्या अक्षरापायीं काय झालें तें आतां सांगणारच आहें. नांव लिहिलें, तारीख लिहिली, तक्रारीच्या चौकटींत इंग्रजीत पहिली ओळ लिहिली. वळणदार, सारख्या अंतराची अशी ती ओळ मीं थोडी लांब धरून पाहिली, आणि हात थांबला.

वडील गेल्यावर माझ्या आईनें पुण्यास सदाशिव पेठेंत दोन खोल्यांत खानावळ घातली होती. बावीस मेंबर होते. बहुतेक विद्यार्थी, दोघे-तिघे कारकून. महिन्याचे पैसे आगाऊ, आणि खाड्याचा नियम असा कीं आदल्या दिवशीं सांगितलें असेल तरच खाडा धरायचा. 1965 सालीं धान्याची टंचाई होती. पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनीं देशाला आठवड्यांतून एक वेळचें जेवण सोडण्याचें आवाहन केलें आणि सोमवारची रात्र त्यासाठीं ठरली. सोमवारीं रात्रीं हॉटेलें बंद राहूं लागलीं, तशी आमची खानावळहि बंद राहूं लागली. देशासाठीं उपास करायला बाविसांपैकीं कोणाचीच हरकत नव्हती. पण महिन्याला चार सोमवार म्हणजे चार जेवणें. त्यांचे खाडे धरायचे कीं नाहींत? आई म्हणे, खाडा मेंबरांनीं करायचा असतो, खानावळीनें नव्हे. मेंबर म्हणत, आम्हीं सोडलेलें जेवण देशाला गेलें पाहिजे, काकूंना नव्हे. दोन्हीं पक्षांच्या बोलण्यांत कांहीं तथ्य होतें, हें मला आतां कळतें.

वकिलीचा अभ्यास करणाऱ्या एका मेंबरानें तक्रारीचा मसुदा तयार केला. त्याचें अक्षर त्याचें त्यालाच लागत नसे. त्यानें मला जिन्याखालीं गांठलें. "बाळ्या, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. एवढं सुंदर लिहून दे बघू." बक्षीस म्हणून एका टोकाला तांबडी, दुसऱ्याला निळी अशी एक पेन्सिल त्यानें पुढें केली. मी दहा वर्षांचा होतों. मला कळलें नाहीं असें म्हणण्याची सोय आहे. पण मला कळत होतें. एकूण सात कलमें होतीं. चौथें कलम आमटी पातळ असते हें होतें. आमटी पातळ होतीच. ती पातळ कां होते हेंहि डाळीच्या डब्याचा तळ रोज पाहणाऱ्या मला ठाऊक होतें. तरी मीं तें कलम लिहिलें, आणि कलमांचे आंकडे तांबड्या पेन्सिलीनें काढले. तें काम मला आवडलें होतें.

संध्याकाळीं कागद दाराला डकवलेला होता. आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि तिनें तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी कोनाड्याशीं उभा होतों. ती वळली, माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय." एवढेंच. महिनाअखेर तिनें प्रत्येकाचे चार खाडे धरले. पुढल्या महिन्यापासून आमच्याकडे दूधवाला सकाळचा यायचा बंद झाला. त्या वकिलीच्या विद्यार्थ्यानें आणखी दोन वर्षें आमच्याकडेच जेवून परीक्षा दिली, आणि आपल्या लग्नाची पहिली पत्रिका आईला आणून दिली, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. ती पेन्सिल मात्र मीं कधीं संपवूं शकलों नाहीं. कोठें गेली कोण जाणे.

काबान्यालमध्यें मी लेखणी धरून किती वेळ बसलों होतों तें ठाऊक नाहीं. डॉमिनो खेळणाऱ्यांपैकीं एक म्हातारा उठून आला, माझें कार्ड उचललें आणि भातांच्या यादीखालच्या बारीक अक्षरांवर त्यानें बोट ठेवलें. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानें सांगितलें तें असें : किंमत दर माणशीं, भात निदान दोघांचा. शनिवारचीं तीं दोन बोटें वेळ सांगत नव्हतीं, माणसें विचारीत होतीं. आणि मीं मोठ्या तोऱ्यानें मान हालवून दोन माणसें कबूल केलीं होतीं! माझी मुख्य तक्रार जागच्या जागीं कोसळली. न मागितलेला पाव उरला होता, पाऊण तास उरला होता, खांदे उरले होते. तेवढ्यांवर कागद पुरा करावा कीं काय, असा विचार खरोखरच माझ्या मनांत येऊन गेला.

इतक्यांत आजीबाई बाहेर आल्या. ओले हात पुसतच आल्या. पण जगांतल्या साऱ्या स्वयंपाकघरांतून बायका तशाच बाहेर येत असतील, तेव्हां त्याचा फार अर्थ करूं नये. त्यांनीं कागदाकडे पाहिलेंच नाहीं. उरलेल्या अर्ध्या भाताकडे पाहिलें आणि कांहींतरी विचारलें. म्हाताऱ्यानें अर्थ सांगितला : भात कच्चा राहिला होता का? नाहीं, म्हणून मीं जोरजोरानें मान हालविली. मग टाकला कां? याचें उत्तर मला बोटांनीं देतां येईना.

मीं गल्ल्यावर पैसे दिले. देण्याला तिकडे 'पागार' म्हणतात. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला तो याच्याच कुळांतला. बटाटा आणि पाव हेहि त्याच वाटेनें आलेले. तेव्हां तो शब्द कानावर पडतांच मला क्षणभर उगीचच आपलीं माणसें भेटल्यासारखें वाटलें, आणि लगेच बत्तीस युरोंची आठवण झाली. मुलीनें उरलेला भात डब्यांत भरून दिला. कागदाच्या तिन्ही प्रती मीं घडी करून खिशांत घातल्या. रात्रीं त्या भाताला सौभाग्यवतीनें मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी दिली. माद्रिदहून परतलेली मुलगी म्हणाली कीं इकडचे लोक भात रात्रीं खात नाहींत, आणि हें पाहतील तर आपल्याला गल्लींतून हांकलतील. पण फोडणीचा भात उत्तम झाला होता.

पुढें आम्ही चौघे मिळून गेलों तेव्हां त्याच घरानें मला आयुष्यांतला एक फार चांगला भात खाऊं घातला. आर्टिचोक, चपट्या शेंगा, टोमॅटो, केशर; तांदूळ घातल्यावर ढवळायचें नाहीं, अंगचें पाणी आटूं द्यायचें; आणि शेवटीं तळाला जो खरपूस थर धरतो, त्याला सोकार्रात म्हणतात. आपल्याकडे भात लागला म्हणून कित्येक सुनांनीं ज्यासाठीं बोलणीं खाल्लीं, तोच थर तिकडे पाहुण्याच्या ताटांत आग्रहानें वाढतात! सौभाग्यवतीनें तो खरवडून खातांना आपल्या सासूचें नांव काढलें नाहीं, हा तिचा मोठेपणा. आजीबाईंनीं माझ्यासाठीं भाज्यांचें पाणी वेगळें उकळलें होतें, हें मुलीनें आम्हांला उठतांना सांगितलें. नातवाचे खांदे मात्र त्या दिवशींहि उडत होतेच.

तिसऱ्या खेपेस आजीबाईंचें मनगट दुखत होतें आणि स्वयंपाकघर नातवाच्या हातीं होतें. आम्हीं मांस नको असें बजावून सांगितलें होतें. आलेल्या कोशिंबिरींत टूना मासा होता. तिकडे मांस नको म्हटल्यानें मासा वर्ज्य होत नाहीं. भात कडेनें कच्चा, मध्यें गाळ. मीं कांहीं बोललों नाहीं. सौभाग्यवती बोलली, तेंहि शुद्ध मराठींत, आणि गल्ल्यावरच्या मुलीला तें सगळें कळलें असें दिसलें, कारण तिनें थाळी तात्काळ उचलून नेली. बिलांत मात्र ती कोशिंबीर होती.

निघण्याच्या आदल्या दिवशीं नागपूरचा विद्यार्थी निरोप घ्यायला आला. त्या एका ओळीचे कागद तेव्हां माझ्या पासपोर्टाच्या पाकिटांत होते, आणि अजूनहि तेथेंच आहेत.

"मग काकाजी, त्या कोपऱ्यावर एकदा जाऊ का?" त्यानें विचारलें. "तुम्ही तर तीनदा गेलात."

"जा," मी म्हणालों. "पण दोघं जा. आणि आजी आत आहे का, तेवढं आधी बघ."

"आणि नसली तर?"

"तर सकाळी जाऊन पाव खा. सोमवारी जाऊ नकोस, बंद असतं."