खारीची हिरवी चटई

मुलांनो, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. मी कुत्र्यांना घाबरते. तिसरीत होते तेव्हा, १९९६ साली, शाळेतून घरी येताना वाडीतल्या एका कुत्र्यानं माझी पोटरी धरली. तेव्हा पोटात इंजेक्शनं घ्यावी लागत. रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला. (ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर चार-पाच वेळा टोचलं की भागतं. तेव्हा कुत्रं चावलं तर घरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.)

तर अशी मी, २०१८ च्या मे महिन्यात बारा दिवस एका कुत्रीच्या शेजारी राहिले. तेही कुठं? दहा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर! पळून जायचं म्हटलं तर चहूकडे पाणीच पाणी.

ही बोट माझ्या सगळ्यांत मोठ्या आतेबहिणीची. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. ताई आणि भावोजी अमेरिकेत राहतात, पण त्यांना घराचा पत्ता विचारला तर ते विचारतात, "कुठल्या महिन्यातला?" उन्हाळ्यात ते चेसापीक नावाच्या मोठ्या उपसागरात असतात. तिथं भावोजी लोकांच्या बोटींची विजेची कामं करतात आणि वर्षाची बेगमी करतात. ऑक्टोबरात थंडी पडायला लागली की शिडं बांधून दक्षिणेकडे निघतात. हिवाळा बहामा बेटांवर काढायचा आणि एप्रिल-मेमध्ये परत उत्तरेला यायचं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम. त्यामुळे जूनच्या आत ठरावीक रेषेच्या वर पोचा, ही त्यांच्या विमा कंपनीची अटच आहे. आपल्या कोकणात नाही का, पावसाळा आला की होड्या वर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून पुन्हा पाण्यात लोटतात? तसंच. फक्त इथं घरच होडीत आहे.

या फिरतीसाठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर एक आतला जलमार्ग आहे. नद्या, खाड्या आणि खणलेले कालवे जोडून तो केलाय. नॉरफोक शहरापासून मायामीपर्यंत सुमारे १,७५० किलोमीटर. समुद्र खवळलेला असला तरी छोट्या बोटींना आतून जाता येतं. वाटेतले न उघडणारे पूल साधारण ६५ फूट उंच, त्यामुळे डोलकाठी त्याहून उंच असून चालत नाही. आणि वेग? सायकलवाला मागे टाकील! ताशी दहा किलोमीटर झाले की भावोजी खूश.

ताईनं तिकीट पाठवलं, शाळेला सुट्टी होती, मी गेले. उत्तर कॅरोलायना राज्यातल्या बोफर्ट गावी बोटीवर चढले तर पहिलं स्वागत केलं ते खारीनं. खारी म्हणजे त्यांची कुत्री. रंग अगदी खारी बिस्किटासारखा, म्हणून खारी. वय अकरा वर्षं. मागचे पाय जरा लुळे पडलेले. अंगात नारिंगी जीवरक्षक जाकीट, त्याला पाठीवर पिशवीसारखा बंद, म्हणजे पाण्यात पडली तर उचलून घेता येते. बोटीच्या कठड्याला सगळीकडून जाळं बांधलेलं. मी जाळ्याला पाठ लावून तीन तास तशीच बसले. खारीनं दोनदा हुंगलं आणि माझा नाद सोडून दिला.

मला वाटलं होतं, बोट कुठं थांबवायची ते कप्तान ठरवतो. छे! खारी ठरवते. रोज संध्याकाळी नकाशा उघडायचा. आधी पाण्याची खोली बघायची, मग वारा कुठून येईल ते, आणि मग सगळ्यांत महत्त्वाचं, खारीला उतरायला कोरडी जमीन आहे का? कारण खारी बोटीवर शू करत नाही. अकरा वर्षांत कधीच नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी छोट्या रबरी होडीत बसून तिला किनाऱ्यावर न्यायचं. पाऊस असो, थंडी असो. बोटीच्या पुढच्या टोकाला ताईनं प्लास्टिकच्या गवताची हिरवी चटई ठेवली होती. पुष्कळ कुत्री तशी चटई वापरतात म्हणे. खारी त्या चटईकडे असं बघायची, जसं आपण दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो.

पाचव्या दिवशी बेलहेवन गावातून निघालो. सकाळी सहाला खारी जमिनीवर जाऊन आली. मग सुमारे ३३ किलोमीटरचा सरळसोट कालवा. दोन्ही बाजूंना जंगल, चहाच्या रंगाचं पाणी (पाला आणि मुळं कुजून तो रंग येतो, पाणी घाण नसतं) आणि चावऱ्या माश्या. दुपारी एकला कालवा संपला आणि आम्ही ॲलिगेटर नदीत नांगर टाकला. नावातच मगर आहे, आणि नदीतही आहे. पूर्वेचा किनारा राखीव अभयारण्य. तिथं काळी अस्वलं आहेत आणि जगात फार थोडे उरलेले तांबडे लांडगेही.

पण किनारा नव्हता हो! झाडंच पाण्यात उभी. भावोजी खारीला होडीत घेऊन तास-दीड तास फिरले. जिथं वल्हं टेकवावं तिथं ते चिखलात हातभर आत. मी म्हटलं, "ओहोटी लागली की जमीन उघडी पडेल ना?" आमच्या खाडीत तसंच होतं. भावोजी म्हणाले, "इथं भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. समुद्र आणि इथलं पाणी यांच्यामध्ये वाळूच्या बेटांची लांबलचक भिंत आहे. पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्यानं." खाडीकाठी जन्मलेल्या मला हे ऐकून फारच नवल वाटलं.

रात्र झाली. खारीला चटईवर नेलं. नाही. पुन्हा अकरा वाजता नेलं. नाही.

सकाळी रेडिओवर हवामान ऐकलं. उत्तरेचा जोराचा वारा, दिवसभर. पुढे आल्बेमार्ल साउंड नावाचं मोठं पण उथळ पाणी ओलांडायचं होतं. उथळ पाण्यावर वारा बसला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट नुसती आपटते. शिवाय वाटेतला फिरता पूल जोराच्या वाऱ्यात उघडत नाही. म्हणजे थांबणं आलं. दहा वाजले, अकरा वाजले. खारी थरथरायला लागली. पाण्याच्या भांड्याकडे बघेना. मोबाईलला रेंज नाही, डॉक्टरांना विचारणार कसं? तिला घेऊन पुढं जावं, ताई तिला थोपटत राही. भावोजी सारखं "कर ना, शहाणी ना तू" म्हणत राहत.

दुपारी बारा वाजता तीस तास झाले. भावोजी म्हणाले, "मागं फिरू. पण बेलहेवनला उजेडात पोचायचं तर दोनच्या आत नांगर उचलायला हवा." ताई खाली स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती. वळली नाही. तशीच म्हणाली, "दर वेळी कुठं मागं फिरणार आहोत? हिला आता होडीत चढता-उतरताही येत नाही. यंदा बोट विकूनच टाकू या. हिच्या जिवापेक्षा काय मोठं आहे?"

अठरा वर्षं पै-पै जमवून घेतलेली बोट. भावोजी काहीच बोलले नाहीत.

तेव्हा मला आमच्या पहिलीतल्या एका मुलीची आठवण झाली. तिचं नाव सांगणार नाही. ती दिवसभर शू धरून ठेवायची आणि शेवटच्या तासाला रडायची. संडासाची कडी मोडलेली, म्हणून मी दाराशी उभी राहून विचारायची, "झालं का गं? झालं का?" काही व्हायचं नाही. मला वाटायचं, मी किती काळजी घेते! मग एकदा मला कुणीतरी हाक मारली म्हणून मी पाठ फिरवून चार पावलं लांब गेले, जवळचा नळ नुसता चालू राहिला, आणि मुलगी हसत बाहेर आली. पुढं मी रोज पाठ फिरवूनच उभी राहायला लागले. (कडी मात्र दुरुस्त व्हायला आणखी चार महिने लागले.)

मी म्हटलं, "ताई, तुम्ही दोघं खाली बसा. वर बघायचं नाही. खारीला मी नेते."

दोघं माझ्याकडे बघतच राहिली. बरोबरच होतं. इतके दिवस मी खारीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तिचा पट्टा हातात घेतला तेव्हा माझे तळवे घामानं ओले झाले होते. पुढच्या टोकापर्यंत आम्ही दोघी हळूहळू गेलो. तिचे पाय लुळे, माझे लटपटणारे. चटईजवळ मी तिच्याकडे पाठ करून बसले. कुत्र्याकडे पाठ! माझी पोटरी अगदी तिच्या तोंडाशी. बादलीत दोरीनं नदीचं पाणी काढलं आणि मगानं थोडं थोडं परत नदीत सोडायला लागले. बोलले नाही, "शहाणी" म्हटलं नाही. वारा शिडाच्या दोऱ्या वाजवत होता. एक बादली संपली. दुसरी काढली. मनात म्हटलं, ही झाली की उठायचं.

दुसरी बादली अर्धी झाली आणि पट्टा जरासा ओढला गेला. मी मान वळवली नाही. मग मगाच्या पाण्याशिवाय आणखी एक धार ऐकू आली. संपता संपेना!

चटई कोरडीच होती, बरं का. बाईसाहेबांनी जागा निवडली ती नांगराच्या साखळीवर. ताई धावत वर आली, खारीला मिठी मारून रडली, मग मला मिठी मारून रडली. भावोजींनी साखळी धुतली आणि सगळ्यांना शिरा करून घातला. खारीनं दोन वाट्या पाणी प्यायलं आणि ती माझ्या पावलांवर हनुवटी टेकून झोपली. मी पाय हलवला नाही. भीती होतीच, पण पायाला मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

त्याच संध्याकाळी पुन्हा एकदा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेही, साखळीवरच. वारा पडल्यावर आम्ही साउंड ओलांडून एलिझाबेथ सिटीला पोचलो. तिथं १९८३ साली दोन रहिवाशांनी बोटीनं येणाऱ्या पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायची पद्धत पाडली. पुढं १८०५ साली खुला झालेला डिस्मल स्वॉम्प कालवा लागला. गुलामांच्या हातांनी खणलेला, आणि पळालेल्या गुलामांना आसरा देणाऱ्या दलदलीतून जाणारा. त्याच्यावर एकदा स्वतंत्र लिहीन. नॉरफोकहून माझं विमान होतं.

नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, ताईचा फोटो आला. बोट पुन्हा दक्षिणेला निघाली होती. फोटोत खारी कुठंच नव्हती. नुसती तपकिरी नदी, पाण्यातली झाडं आणि कोपऱ्यात अर्धा मग. खाली ताईनं लिहिलं होतं, "तोंड फिरवून काढलाय."